प्रतिष्ठा आणि पावती

जून महिन्यात पाऊस लांबला की शेतकरी आकाशाकडे पाहतो आणि ज्याच्या घरी बारावी उत्तीर्ण झालेले अपत्य आहे असा गृहस्थ वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाकडे पाहतो; कारण त्या सुमारास त्या पानावर बातमी नसते, एखाद्या महाविद्यालयाची कमान असते. कमानीमागे हिरवळ, हिरवळीवर चार विद्यार्थी, त्यांपैकी एकाच्या मांडीवर भर उन्हात उघडलेला लॅपटॉप, आणि चौघांच्याही मुद्रेवर इतका निश्चिंत भाव, की परीक्षा नावाची आपत्ती त्या आवारात अद्याप पोहोचलेली नसावी अशी शंका यावी. खाली ठळक अंकांत सर्वोच्च पॅकेजचा आकडा छापलेला असतो. ज्या एका मुलाला ते पॅकेज मिळाले त्याचे छायाचित्र असते. ज्यांना मिळाले नाही त्यांची छायाचित्रे बहुधा जागेअभावी गाळलेली असतात. नॅकची श्रेणी तिच्या सर्व अधिकचिन्हांसह असते. नसतो तो फक्त फीचा आकडा. आणि ज्याअर्थी तो छापलेला नाही त्याअर्थी तो मोठा असला पाहिजे, व ज्याअर्थी तो मोठा आहे त्याअर्थी कॉलेज चांगले असले पाहिजे, असा दुहेरी तर्क करून गृहस्थ एकाच वेळी मोहित आणि भयभीत होतो.

कॉलेज निवडताना नाव पाहावे की खर्च पाहावा, हा प्रश्न वरवर जमाखर्चाचा वाटतो. पण त्या जमाखर्चात एक मूलभूत दोष आहे, तो असा की खर्च ज्याच्या खाती पडतो त्याच्या खाती जमा काहीच पडत नाही. फी बाप भरतो, जागरणे मुलगा करतो, आणि कॉलेजच्या नावाचा निर्वेध उपभोग घेतात ती मुलाची आत्या, शेजारचे निवृत्त मंडल अधिकारी आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी येऊन बसलेला, ज्याचे नाव शेवटपर्यंत कळत नाही असा कोणी तरी इसम. "चिरंजीव काय करतात?" असे तो विचारतो, "इंजिनिअरिंग" असे उत्तर मिळताच त्याचा हात मठ्ठ्याच्या वाटीवर क्षणभर थबकतो आणि तो खरा प्रश्न विचारतो, "कुठे?" या प्रश्नाचे उत्तर चार अक्षरांत देता येणे म्हणजेच प्रतिष्ठा. 'सीओईपी' म्हटले की संभाषण तिथेच संपते व समोरच्याच्या डोळ्यांत एक प्रकारची शरणागती दिसू लागते. उलटपक्षी, 'अमुक शिक्षण प्रसारक मंडळाचे कै. तमुक आबासाहेब अभियांत्रिकी व तंत्रज्ञान महाविद्यालय' येथून सुरुवात करून मुक्काम पोस्ट आणि तालुका येथवर पोहोचेतो ऐकणारा जिलबीच्या दुसऱ्या फेरीत गुंतलेला असतो.

पूर्वी हे असे नव्हते, असे म्हणण्याचा मोह प्रत्येक पिढीला होतो, आणि एका मर्यादेत तो मला इथे रास्त वाटतो. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज काढले, त्या संस्थेत गोपाळ कृष्ण गोखल्यांसारख्या माणसाने वीस वर्षांच्या सेवेचा करार पत्करून दरमहा ७५ रुपयांवर अध्यापन केले. म्हणजे त्या काळी कॉलेजची प्रतिष्ठा प्राध्यापकांच्या काटकसरीतून निर्माण होत असे. हल्ली ती पालकांच्या काटकसरीतून निर्माण होते. विद्यार्थ्याची ऐपत नसली तर त्याने वार लावून जेवावे, म्हणजे सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, अशी पुण्यातली वहिवाट होती, आणि त्यात कोणाच्या घरची आमटी पातळ असते हे ज्ञान अभ्यासक्रमाबाहेरचे असले तरी ते आयुष्यभर टिकत असे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे उभी केली. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९४७ साली कॉलेज काढले आणि अंगमेहनतीच्या बदल्यात शिक्षण मिळण्याची सोय केली. खर्चाच्या प्रश्नाची ही तिन्ही उत्तरे एकमेकांहून अगदी निराळी होती, तरी त्या तिन्हींतही मुलाने बापाच्या भविष्य निर्वाह निधीकडे पाहावे ही कल्पना कोणाला सुचलेली नव्हती.

आपल्याकडचा खरा चमत्कार मात्र पुढेच आहे. परदेशांत म्हणे जितके कॉलेज नामांकित तितके ते महाग, आणि माणसाला ऐपत व लौकिक यांत तडजोड करावी लागते. महाराष्ट्रातील अभियांत्रिकीत हा क्रम उलटा आहे. १८५४ सालचे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, १८८७ साली निघालेली मुंबईची व्हीजेटीआय, १९३३ साली मुंबई विद्यापीठाने काढलेला व आता स्वतंत्र विद्यापीठ झालेला रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग, ही जी नावे उच्चारताच पंगत स्तब्ध होते, ती खासगी संस्थांच्या मानाने स्वस्त आहेत. बाजारात कोवळी भेंडी स्वस्त मिळावी आणि जून भेंडीचा भाव दुप्पट असावा, असा हा व्यवहार आहे. फरक इतकाच की कोवळी भेंडी पैसे देऊन मिळत नाही, तिच्यासाठी परीक्षेत गुण लागतात. सबब नाव की खर्च हा प्रश्न हुशार मुलाच्या बापाला पडत नाही, कारण त्याला दोन्ही मिळतात. तो फारच कमी गुण पडलेल्याच्या बापालाही पडत नाही, कारण तो देवाचे नाव घेऊन मिळेल तिथे पैसे भरतो. प्रश्न पडतो तो मधल्याला.

या मधल्यांची सोय व्हावी म्हणूनच जणू १९८३ साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, विनाअनुदानित तत्त्वावर कॉलेजे काढण्याची मुभा मिळाली. तोवर गुण कमी पडलेली मराठी मुले देणगी भरून कर्नाटकात शिकायला जात. आता तो पैसा राज्यातच राहू लागला, आणि ज्या माळरानावर पूर्वी केवळ कुसळे उगवत तिथे चार मजली इमारती उगवल्या. देणगीचा उत्साह इतका वाढला की १९८७ साली तिच्यावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. आज अशा प्रत्येक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते व ती कायदेशीर असते. कायदेशीर असल्यामुळे ती भरताना घासाघीस करता येत नाही, एवढाच काय तो पालकांचा तोटा.

माझे मेहुणे वाळव्याकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात लेखापाल आहेत. गेल्या हंगामात त्यांच्या थोरल्या मुलाच्या प्रवेशाबाबत जी मसलत भरली तिला सर्व कर्ती मंडळी उपस्थित होती आणि ज्याला शिकायचे तो चहाचे कप आत-बाहेर करीत होता. मुलाला सीईटीत ९३.४१२७५८६ इतके पर्सेंटाइल मिळाले होते. मेहुण्यांनी तो आकडा दशांशचिन्हानंतरच्या सातही स्थळांसह मोठ्याने वाचून दाखवला, कारण हिशेबातले पैसे सोडणे त्यांच्या पेशाला मंजूर नाही. मुलाच्या आत्याने, म्हणजे माझ्या सौभाग्यवतीने, "त्र्याण्णव टक्के पडले की रे पोराला!" असे म्हणून पदराने डोळे टिपले. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, शंभर मुलांत त्र्याण्णव आपल्या मागे आहेत एवढाच त्याचा अर्थ, प्रत्यक्ष गुण याहून पुष्कळ कमी असू शकतात, हे सांगण्यासाठी भाच्याने तोंड उघडले आणि आईच्या एका दृष्टिक्षेपासरशी मिटले. संध्याकाळपर्यंत गल्लीत त्र्याण्णव टक्क्यांची वार्ता पसरली होती व ती दुरुस्त करणे कोणालाच हितावह वाटले नाही.

पर्याय दोन होते. एक, पुण्यातले खासगी कॉलेज, जिथे नावातच बुद्धिमत्ता असलेली कसली तरी नवी शाखा मिळत होती. दुसरा, कराडचे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय, १९६० सालचे, एस.टी.च्या टप्प्यातले, जिथे सवलतीच्या पासावर जाऊन-येऊन शिकता आले असते आणि डबा घरचा; पण शाखा इलेक्ट्रिकल. पुण्याच्या बाजूने हिंजवडीत नोकरीला असलेला शेजारचा एक तरुण दूरध्वनीवरून बोलत होता. "काका, नाव महत्त्वाचं. कंपन्या नाव बघूनच कॅम्पसला येतात," असे तो म्हणाला, आणि न्यायाने बोलायचे तर त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. नामांकित आवारात बरोबरीची मुले चढाओढीची असतात, मोठ्या कंपन्या दारी येतात, आणि चार वर्षांत कँटीनमध्ये बसून मिळणाऱ्या ओळखी पुढे उपयोगी पडतात. हा सगळाच देखावा आहे असे म्हणणारे बहुधा ते आवार पाहून परत आलेले असतात. परंतु तो तरुण ज्या नावाबद्दल बोलत होता ते नाव आणि मेहुण्यांना परवडेल की नाही असे वाटणारे नाव ही दोन निराळी नावे होती, हा बारकावा दूरध्वनीच्या खरखरीत हरवला.

यावर कोणी तरी सरकारी क्रमवारीचा विषय काढला. केंद्र शासन २०१६ पासून शिक्षणसंस्थांची क्रमवारी प्रसिद्ध करते आणि तीत अध्यापन, संशोधन वगैरे गोष्टींबरोबर जनमानसातील प्रतिमेलाही शंभरात दहा गुण ठेवलेले आहेत. माझ्या पत्नीला हे सांगितल्यावर तिने फक्त एवढेच विचारले, की उरलेले नव्वद कशासाठी?

मग खर्चाचा खर्डा निघाला. मेहुण्यांनी कारखान्याच्या जुन्या रोजकीर्दीचे पाठकोरे पान पुढे ओढले आणि चार वर्षांची फी, राहणे, जेवण, प्रवास, लॅपटॉप व 'किरकोळ' या सहा बाबी मांडल्या. बेरीज बारा लाखांच्या घरात गेली. त्यात 'किरकोळ'चा वाटा लॅपटॉपपेक्षा मोठा होता. खुल्या प्रवर्गातल्या मुलाला राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून निम्मे शिक्षणशुल्क परत मिळते, पण त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असावे लागते, आणि मेहुणे त्या रेषेच्या किंचित वर उभे होते. जानेवारीत त्यांना वेतनवाढ मिळाली तेव्हा त्यांनी सबंध लेखा विभागात पेढे वाटले होते; जून महिन्यात त्या वेतनवाढीचा त्यांनी जो उद्धार केला तो कारखान्याच्या कोणत्याही कार्यकारी संचालकाने कधी ऐकला नसेल. तहसील कचेरीत जो इसम आपली प्राप्ती कमी दाखवण्यासाठी रांगेत उभा असतो तोच चार वर्षांनी चिरंजिवांच्या स्थळासाठी तीच प्राप्ती फुगवून लिहितो, ही मौज मी पुष्कळ घरी पाहिली आहे. मेहुण्यांचा पगार मात्र थेट बँकेत जमा होत असल्यामुळे त्यांना दोन्हींची सोय नव्हती. २०२४ पासून आठ लाखांच्या आतील उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क पूर्ण माफ झाले आहे, असे मी सहज बोलून गेलो. तेव्हा खाटेवर माळ ओढीत बसलेल्या माझ्या सासूबाई उद्गारल्या, "त्यापरीस पोरगीच झाली असती तर बरं झालं असतं गं बाई!" त्या घराच्या ज्ञात इतिहासात हे वाक्य प्रथमच उच्चारले गेले असावे. मेहुण्यांनी मर्यादा तिथेही आठ लाखांचीच असल्याचे निदर्शनास आणले व सासूबाई पुन्हा माळेकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही बँकेत गेलो. शैक्षणिक कर्जाची व्यवस्था कागदावर अत्यंत सुबक आहे: चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीन चालतो, त्यापुढे स्थावराचे तारण, अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाची सवड, आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत हप्ते. व्यवस्थापक तरुण होते व अतिशय आर्जवी होते.

"तारणाला काय आहे, काका?"

"तीस गुंठे ऊस आहे."

"शेतजमीन चालत नाही हो. बिगरशेती काही?"

मेहुण्यांनी तरीही सात-बाराचा उतारा टेबलावर ठेवला. त्यावर तीन चुलत्यांची, दोन परगावी दिलेल्या आत्यांची आणि एका दिवंगत इसमाची नावे होती. त्यांतील हयातांची संमती मिळवायची म्हणजे मुलाने कोठे शिकावे याविषयी त्या प्रत्येकाचे मत ऐकून घेणे आले. आणि दिवंगताचे मत वारस सांगतील ते. व्यवस्थापकांनी उतारा दोन्ही हातांनी परत केला. बाहेर आल्यावर मेहुणे पुष्कळ वेळ बोलले नाहीत. माझ्या मनात मात्र ती पंधरा वर्षे घोळत होती. कॉलेजचे नाव विचारले जाते ते पहिल्या नोकरीपर्यंत, फार तर लग्न ठरेपर्यंत. दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीत पहिली नोकरी विचारतात. हप्ते मात्र मुलाच्या मुलाला बालवाडीत घालण्याच्या वेळीही चालू असतात, आणि त्या बालवाडीच्या फीपुढे हा सगळा खर्डा बाळबोध वाटू लागतो.

जागा पाहण्यासाठी म्हणून एक फेरी पुण्याचीही झाली. विजेच्या खांबावर 'कॉट बेसिसवर जागा देणे आहे' अशी पाटी वाचून आम्ही पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर गेलो. खोलीत सहा कॉट होत्या आणि प्रत्येक कॉटच्या वर भिंतीत एक खिळा होता. मालक खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली न ठेवता नियम सांगितले. "एक कॉट, एक खिळा, एक कप्पा. गरम पाणी सकाळी सहा ते साडेसहा. दहानंतर दार बंद. अनामत दोन महिन्यांची." दुसरा खिळा ठोकला तर चालेल काय, असे मेहुण्यांनी विचारले, कारण मुलाला दप्तर आणि रेनकोट असे दोन नग टांगायचे होते. मालकांनी प्रथमच पान खाली करून आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "भिंत माझी आहे." उतरताना मेहुण्यांनी जिन्यातच त्या खिळ्याचे मासिक भाडे काढले, ते कारखान्याच्या वसाहतीतल्या त्यांच्या सबंध घराच्या भाड्याच्या निम्मे भरले.

शेवटी पसंतिक्रम भरण्याची वेळ आली. या केंद्रीभूत पद्धतीत उमेदवाराला शेकड्यांनी पर्याय भरता येतात, आणि मला वाटते, प्रतिष्ठा विनामूल्य मिळण्याची राज्यातील ही एकमेव जागा आहे. मेहुण्यांनी पहिल्या ओळीत पुण्याच्या सरकारी कॉलेजातली कॉम्प्युटर शाखा लिहिली, दुसऱ्या ओळीत व्हीजेटीआयमधली; नंतर सांगलीचे वालचंद कॉलेज त्याच्या जवळजवळ सगळ्या शाखांसह. ९३.४१२७५८६ ला हे मिळणार नाही हे घरातील सर्वांना ठाऊक होते, तरी त्या ओळी लिहिताना मेहुण्यांचे अक्षर एरवीपेक्षा वळणदार आले आणि पुढचे चार दिवस माझी पत्नी "पुण्याचं भरलंय, मुंबईचं पण भरलंय" असे सत्यकथन गल्लीभर करीत होती. पहिली यादी लागली. कराड, इलेक्ट्रिकल. इतका वेळ कप ने-आण करणाऱ्या मुलाने मोबाइलवरून जागा स्वीकारल्याचे कळवून टाकले, आणि इतक्या थोड्या विधीने ते पार पडले की मसलतीतल्या मंडळींना काही क्षण आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले.

अपेक्षेप्रमाणे निवृत्त मंडल अधिकारी कुंपणावरून म्हणालेच, "का हो, पुण्याला नाही मिळालं?" त्याला माझ्या पत्नीने जे उत्तर दिले ते ऐकून मी थक्क झालो. "मिळत होतं की! पण त्याला सरकारीच हवं होतं. साठ सालचं कॉलेज आहे, असलं-तसलं नाही." आठवड्याभरात नातेवाइकांत असा बोभाटा झाला की खासगीकडे पैसेवाल्यांची मुले जातात आणि सरकारीत डोकेवाल्यांची; ज्यांनी मुले खासगीत घातली होती त्यांना उगाचच खुलासे द्यावे लागू लागले. ज्या वस्तूसाठी बारा लाख मोजायचे होते ती कुंपणावरच्या दोन वाक्यांत मिळाली, हे पाहून मेहुणे हिशेबनीस असूनही गप्प राहिले.

गप्प राहिले, पण स्वस्थ राहिले नाहीत. प्रतिष्ठेसाठी मनाने एकदा काढून ठेवलेली रक्कम पुन्हा खात्यात जमा होत नाही, हा लेखाशास्त्रात नसलेला नियम असावा. दसऱ्याच्या आधी त्यांनी मोटार घेण्याचे ठरवले आणि आम्ही पुन्हा त्याच बँकेत, त्याच आर्जवी तरुणासमोर जाऊन बसलो. या वेळी सात-बारा लागला नाही, चुलते लागले नाहीत, दिवंगताचीही गरज पडली नाही; पगाराचे तीन कागद पाहून त्यांनी चहा मागवला आणि चहा येण्यापूर्वी कर्ज मंजूर केले. विजयादशमीला गाडी दारात आली. सासूबाईंनी तिच्या चाकाखाली लिंबू ठेवले, भाच्याने कराडहून सुट्टी काढून येऊन तिची काच पुसली, माझ्या पत्नीने येणाऱ्या-जाणाऱ्याला पेढे दिले. निवृत्त मंडल अधिकारी चपला घालून मुद्दाम कुंपणाबाहेर आले, गाडीला एक प्रदक्षिणा घातली, पेढा तोंडात टाकला आणि मेहुण्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"छान आहे. टॉप मॉडेल ना?"